धुराच्या नळीचं कडं

माझी आत्या मुचानेटा हिला डिझेलच्या वासानं पहिल्यांदा ओकारी झाली, तेव्हा गिरणीपुढे अकरा बायका रांगेत उभ्या होत्या.

अठरा वर्षं ती त्या वासात होती. टाकीतलं डिझेल काढायचं तर नळीचं टोक तोंडात धरून ओढायची, थुंकायची, चूळ भरायची आणि त्याच हातानं साद्झाचा, मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचा, गोळा मोडून खायची. त्या सकाळी मात्र टाकीचं झाकण उघडलं आणि ती भिंतीला धरून बाहेर आली. गोरखचिंचेच्या बुंध्याशी वाकली. पोटात काही नव्हतं, नुसतं पाणी पडलं.

 सेहेचाळीस वर्षांची बाई अशी ओकली तर आमच्या खोऱ्यात दोनच गोष्टी मनात येतात. पहिली कुणीतरी लगेच बोलून दाखवली.

"मुचा, नवरा जाऊन सोळा वर्षं झाली तुझा. हा कुणाचा पराक्रम?"

"तुझ्याच नवऱ्याचा," आत्या तोंड पुसत म्हणाली. "दळण तू आणतेस, न्यायला तो येतो. बघ विचारून."

हसण्याची एक लाट रांगेतून गेली आणि विरली. दुसरी गोष्ट कुणी बोललं नाही. पण दळण घेऊन घरी जाताना प्रत्येकीनं वळून एकदा आत्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं आत्याला कळलं.

न्यामुंगा आजोबांना मरून किती पिढ्या झाल्या कुणी मोजत नाही. ही भुई त्यांची आहे, पाऊस त्यांच्याकडे आहे, आणि ते कुणाच्या तरी अंगात येऊन बोलतात. पेरणी कधी करायची, बांधाच्या भांडणात कोण खोटं बोलतंय, सगळं त्यांना विचारून. ज्या म्हाताऱ्याच्या अंगात ते यायचे तो तीन वर्षांपूर्वी वारला. तेव्हापासून आजोबा रानात होते, सिंहाच्या रूपात, नवं माणूस शोधत. त्यांना तेलाचा वास सोसत नाही, बसचा नाही, ट्रकचा नाही, इंजिनचा नाही. त्यामुळे ज्या माणसाला कारण नसताना त्या वासानं घेरी येते, त्याच्याकडे लोक बघू लागतात. तीन वर्षं पाऊस धड झाला नव्हता. लोक सगळीकडेच बघत होते.

आत्या दवाखान्यात गेली. नर्सनं डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, पोट दाबलं, पिवळ्या गोळ्या दिल्या. त्या संपल्या. आत्यानं नाकावर ओला फडका बांधून पाहिला, लिंबाचा पाला चुरगाळून ओठाला चोळून पाहिला. शेवटी टाकी भरण्याचं काम सुनेकडे, नेत्सायकडे, दिलं आणि आपण दाराबाहेर उभी राहून नुसतं सांगू लागली. इंजिन सुरू झालं की तिला बरं वाटे. वास तिला मारत होता, पण तो आवाज ऐकला की तिचा श्वास जाग्यावर येई. ती आवाजावरून सांगायची, चाळणी तुंबलीय, पट्टा पेलत नाही, मका ओला आहे. नवरा गिरणी लावून दुसऱ्याच वर्षी गेला होता. इंजिन कसं खोलायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं ते खोललं, सुटे भाग चटईवर ओळीनं मांडले आणि उलट्या क्रमानं पुन्हा बसवले. पहिल्या वेळी दोन भाग उरले. तिसऱ्या वेळी एकही उरला नाही.

एका रविवारी माझे वडील, तिचे थोरले भाऊ, तिच्याकडे गेले. मी त्यांच्याबरोबर होते.

"लपवतेयस कशाला?" वडील म्हणाले. "खोऱ्यात सगळ्यांना माहीत झालंय."

"पित्त झालंय मला."

"मुचा, आपला बाप घाट उतरून इथं आला त्याला साठ वर्षं झाली. आजसुद्धा प्रमुखांच्या बैठकीत मला दाराशी बसवतात. आलेले लोक म्हणून. तुझ्या अंगात या भुईचे आजोबा आले तर…"

"तर तुला पुढे बसायला मिळेल."

"माझ्यासाठी बोलत नाहीये मी."

"मग कुणासाठी बोलतोयस?"

वडिलांनी पायाशेजारची माती चिमटीत उचलून सोडली. मग अगदी हळू म्हणाले, "माझ्या शेतात या वर्षी काडी नाही उगवली. शेजारच्याच्या नाही. कुणाच्याच नाही."

 आत्यानं आम्हाला वाळलेली बोरं दिली. आम्ही ती खाल्ली आणि बिया अंगणात टाकल्या.

तिचं नाव माझ्या सख्ख्या आजोबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी ठेवलेलं. मुचानेटा म्हणजे 'तुम्हीच थकाल'. घाटावरून आलेल्या घराला शेजारी काय काय बोलायचे, त्यांना उत्तर म्हणून मुलीचं नाव. बोला, बोलून बोलून तुम्हीच थकाल. लहानपणी तिला हाक मारली की शेजारच्या अंगणात कुणीतरी घसा खाकरायचं, असं ती हसून सांगायची. त्या नावावर ती सेहेचाळीस वर्षं उभी होती.

आणि तिला भीती होती ती हे नाव जाण्याचीच. जुन्या म्हाताऱ्याला पुरलं तेव्हा ती तिथं होती. दुसऱ्या दिवशी सरकारी माणूस नोंद करायला आला आणि त्यानं नाव विचारलं.

"आजोबा," लोक म्हणाले.

"तसं नव्हे. त्यांचं स्वतःचं नाव."

लोक एकमेकांकडे बघू लागले. बत्तीस वर्षं त्या माणसाला सगळे आजोबाच म्हणत होते. अंगात असो नसो, जेवताना, आजारपणात, अगदी त्याची सख्खी बहीणसुद्धा. बहीण आधीच वारली होती. सरकारी माणसानं थोडा वेळ वाट पाहिली, मग कागदावरची ती जागा मोकळी सोडली आणि पुढची ओळ भरायला घेतली.

मोकळी सोडलेली ती जागा आत्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

पुढच्या आठवड्यात मातिवेंगाकाका आले. जुन्या आजोबांच्या शेजारी बसून त्यांचं बोलणं लोकांना समजावून सांगणं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. आजोबा गेल्यापासून त्यांना काम नव्हतं आणि ते दिसतही तसेच होते, रिकाम्या खुर्चीसारखे. ते गिरणीपासून लांब, वारा ज्या बाजूनं येत होता त्या बाजूला, दगडावर बसले. आत्या गुडघे टेकून बसली, तळवे पोकळ करून तिनं मानाच्या टाळ्या वाजवल्या. काकांनी तपकिरीची डबी उघडली.

"कधीपासून होतंय?"

"दोन महिने."

"जेवण?"

"जेवण जातं. झोप लागते. नुसता तो वासच."

"हं." त्यांनी तपकीर ओढली. "प्रमुख पुढच्या महिन्यात परीक्षा ठेवायची म्हणतात. ढोल वाजतील. तू आजोबांच्या वाडवडिलांची नावं सांगायची, वरून खाली. मग काठ्या मांडतील. त्यातली त्यांची उचलायची. चुकलीस तर तू तुझ्या घरी, आम्ही आमच्या."

"आणि नाही चुकले तर?"

"काळं कापड. लाल काही अंगावर नाही, घरात नाही. बसमध्ये बसायचं नाही."

"माझा नातू हरारेत आहे, काका."

"त्याला इकडे आण. घाट उतरल्यावर त्यानं चालत यायचं आणि कपडे बदलायचे. बसचा वास कपड्यांत राहतो."

"गिरणी?"

काकांनी डबी बंद केली. झाकण नीट बसलं नव्हतं. ते पुन्हा उघडून त्यांनी पुन्हा बंद केलं.

"काका, एक विचारू? ते अंगात येतात तेव्हा मी कुठं असते?"

"तू?"

"ते माझ्या तोंडानं बोलणार. तेवढा वेळ मी कुठं जाते?"

मातिवेंगाकाकांनी डबी कनवटीला खोचली. "ते उठले की म्हणायचे, घसा कोरडा पडलाय, काय बोललो मी? मग मी सांगायचो."

"पण मधल्या वेळात ते स्वतः कुठं असायचे?"

"हे कुणी विचारलं नाही कधी."

"तुम्ही पण नाही? बत्तीस वर्षांत?"

"मी पाणी द्यायचो," काका म्हणाले.

ते गेल्यावर आत्या गिरणीकडे परतली. पण तिची खरी अडचण ही नव्हती. ती काठीची होती. आजोबांची काठी तिला ओळखू येणार होती, आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

चौदा वर्षांपूर्वी मातिवेंगाकाकांची बायको एस्नाथ कापसाचं पोतं बगलेत मारून गिरणीवर आली होती. रांग संपेपर्यंत ती थांबली. मग दार लावून घेतलं.

"मुचा, आज जे बघशील ते विसरायचं."

पोत्यात आजोबांची काठी होती. खालचं टोक दोन बोटं उभं चिरलेलं.

"ह्यांनी साप मारला हिच्यानं," एस्नाथ म्हणाली. "आजोबांच्या काठीनं साप मारतं का कुणी? पण साप आजोबांच्या पायाशी होता आणि ह्यांच्या हातात हीच होती. परवा पेरणीची पूजा आहे. लोहाराकडे जायला-यायलाच दोन दिवस, वर त्याच्या कामाला वेळ. मी ह्यांना सांगितलंय, लोहाराकडे जाऊन येते म्हणून."

आत्यानं त्याच आठवड्यात इंजिनच्या धुराची जुनी नळी काढून नवी बसवली होती. जुनी कोपऱ्यात पडली होती. तिनं करवतीनं नळीचा दोन बोटं रुंद तुकडा कापला, निखाऱ्यांत लाल केला आणि काठीच्या टोकावर ठोकून बसवला. थंड होताना लोखंड आवळत गेलं आणि चीर मिटली. ठोकताना हातोडी दोनदा घसरली. कड्यावर दोन खळगे राहिले, एक खोल, एक उथळ.

ती काठी जुन्या आजोबांनी त्यानंतर अकरा वर्षं वापरली. दरवर्षी पेरणीच्या पूजेला आत्या मागच्या रांगेत उभी राहून त्यांच्या हाताकडे बघत राहायची. ज्या नळीतून वर्षानुवर्षं डिझेलचा धूर गेला, तिचा तुकडा त्यांच्या हातात होता. ते कधी थरथरले नाहीत, कधी त्यांना घेरी आली नाही. आत्या कधी स्वतःला सांगायची की वास निखाऱ्यांत जळून गेला असेल. कधी तिला वाटायचं, त्यांना सगळं ठाऊक आहे आणि ते बोलत नाहीत. एस्नाथ वारली. मग गुपित एकट्या आत्याकडे राहिलं.

परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस ती नीट जेवली नाही. मला तिनं पुढे सांगितलं, की त्या दिवसांत तिला सारखी एकच काळजी होती. आजोबा खरंच येतील याची नव्हे, ते येणार नाहीत आणि तरी तिला सगळं बरोबर सांगता येईल, याची. वाडवडिलांची नावंसुद्धा. अठरा वर्षं गिरणीपुढच्या रांगेत म्हाताऱ्या बायका काय काय बोलत आल्या होत्या. त्यातलं काय कानात राहिलं आणि काय आजोबा सांगतायत, हे ती कसं ओळखणार होती?

परीक्षा उजाडताच सुरू झाली. ऑक्टोबरचं ऊन आमच्याकडे सकाळीच भाजायला लागतं. झाडांवर पान नव्हतं. आजोबांच्या रिकाम्या झोपडीपुढे ढोल वाजत होते आणि अख्खं खोरं जमलं होतं. प्रमुख, त्यांची माणसं, माझे वडील, गिरणीवरच्या सगळ्या बायका. आत्या काळं कापड गुंडाळून चटईवर बसली होती. डोळे मिटलेले.

ती वाट बघत होती. केव्हा आपण नाहीसे होतो याची.

ढोल वाढले. तिचे खांदे हलू लागले, पण ढोल इतके जवळ असले की कुणाचेही हलतात. तिला घामाचा वास येत होता. कुणाचं तरी मूल रडत होतं ते ऐकू येत होतं. आपल्या डाव्या पायाला मुंग्या आल्यात हे कळत होतं. मातिवेंगाकाकांनी विचारलं, "आजोबा, आपण कुणाचे?" आणि तिच्या तोंडून नावं निघाली. एक, दोन, पाच, आठ. नववं नाव निघालं तेव्हा बायकांच्या रांगेतून हुंकार उमटला. नववं नाव तिनं कधी ऐकलं होतं, हे तिला आठवत नव्हतं. ऐकलं नसेलच असंही नव्हतं.

मग काठ्या मांडल्या. चौदा होत्या, जमिनीवर ओळीनं. सात काठ्यांना खाली लोखंडी कडी होती. मुद्दाम.

ती उठली. लोक मागे सरले. वाकून बघायची गरजही पडली नाही. चौथी काठी. दोन खळगे, एक खोल, एक उथळ.

शेजारची उचलली असती तर दुपारपर्यंत ती गिरणीवर असती. कुणी तिला दोष दिला नसता. पित्त हे पित्तच राहिलं असतं. चौथी उचलून गप्प राहिली असती तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि तिची काठीशी जुनी ओळख आहे हे कधीच कुणाला कळलं नसतं. एक हात पुढे करण्याचं काम होतं, आणि कुठेही केला तरी ते खोटंच होणार होतं.

तिनं चौथी उचलली. टाळ्या सुरू झाल्या. तिनं काठी उलटी केली, कडं वर धरलं आणि म्हणाली,

"मी जागी आहे."

टाळ्या थांबायला वेळ लागला. ढोल आणखी उशिरा थांबले.

"हे कडं मी ठोकलंय," ती म्हणाली. "माझ्या इंजिनच्या धुराच्या नळीचं. एस्नाथकाकूनं काठी आणली होती माझ्याकडे. म्हणून मला ही ओळखू येते. आजोबांनी नाही दाखवली. आजोबा आलेत की नाही, ते मला माहीत नाही."

मातिवेंगाकाका पुढे आले. त्यांनी काठी तिच्या हातातून घेतली आणि कडं नाकाशी नेलं. तपकिरीनं बुजलेल्या नाकानं त्यांनी ते हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"मला म्हणाली होती, लोहाराकडून आणलंय," ते म्हणाले. मग म्हणाले, "अकरा वर्षं हे त्यांच्या हातात होतं."

"म्हणूनच मेले ते," मागून कुणीतरी म्हणालं.

"ऐंशीच्या पुढचे होते," एका बाईनं सुनावलं. "त्या वयात कडं लागतं का मरायला?"

माझ्या वडिलांनी मान खाली घातली होती. प्रमुखांनी विचारलं, "मग परीक्षा झाली की नाही झाली?"

कुणालाच सांगता येईना. जो बरोबर काठी उचलतो त्याचं काय करायचं ते ठरलेलं आहे, जो चुकीची उचलतो त्याचंही. जो बरोबर उचलून मला आधीच माहीत होतं म्हणतो, त्याचं काय करायचं, ते आमच्या पूर्वजांनी ठरवलेलं नाही. म्हातारे आपसांत बोलले. एक म्हणाला पुढच्या वर्षी पुन्हा घेऊ. दुसरा म्हणाला, आणखी एक वर्ष कोण जगणार आहे.

शेवटी मातिवेंगाकाका आत्याकडे वळले. "आजोबांनी काय ठरवलं ते मला ऐकू आलं नाही. म्हणून तुलाच विचारतो. घेतेस की ठेवतेस?"

"असं विचारतात का?"

"नाही विचारत. पण आजवर इथं कुणी जागं नव्हतं."

खरं बोललं की सुटू, असं तिला वाटलं होतं. खरं बोलून ती जास्तच अडकली. आजोबांनी तिला ओढून नेलं असतं तर ती म्हणू शकली असती, माझा काय इलाज. आता इलाज तिच्याच हातात होता. 

तिनं लोकांकडे पाहिलं. ही माणसं तिला पिशव्यांवरून माहीत होती. कुणाचं पोतं आधी डोक्यावर मावायचं नाही, मग ते अर्धं झालं, मग डब्यात आलं. या वर्षी बायका वाडग्यात मका घेऊन येत होत्या, दुष्काळी मदतीचा, पिवळा. वाडगाभर मका गिरणीत टाकला तर बरंचसं पीठ आतच चिकटून राहतं, बाईच्या हाती अर्धंच येतं. म्हणून आत्या रोज सकाळी आधी आपल्या घरचा मका टाकायची आणि त्याचं पीठ आत राहू द्यायची. पुढच्या बाईला तिचं सगळं मिळायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. घरचं मक्याचं पोतं त्यात तळाशी गेलं होतं.

"घेते," ती म्हणाली. "पण एक आहे. ते येतील तेव्हा आजोबा म्हणा. ते नसतील तेव्हा मी मुचानेटा. जेवताना, आजारपणात, रोज."

"लोकांना काय कळणार, कोण आहे आणि कोण नाही?" प्रमुख म्हणाले.

"मातिवेंगाकाका आहेत. ते सांगतील."

 काठी काकांनी तिच्या हातात दिली, आणि देता देता तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "दामियानो."

"काय?"

"त्यांचं नाव. दामियानो. मला माहीत होतं. तो सरकारी माणूस विचारत होता, तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. बत्तीस वर्षं उच्चारलं नव्हतं, मग निघेना."

आत्याची नवी झोपडी ओढ्याच्या पलीकडे बांधली, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. गिरणीचा वास तिथं पोचत नाही. गिरणी नेत्साय चालवते. पाऊस आला, उशिरा आणि बेताचा. कुणी म्हणालं, आजोबांची कृपा. कुणी म्हणालं, कडं नसतं तर जास्त झाला असता.

आजोबा तिच्या अंगात दोनदा आले, असं लोक सांगतात. दोन्ही वेळा ती घसा कोरडा पडून उठली. काकांनी तिला काय बोलली ते सांगितलं. तिनं विचारलं, "आणि मी कुठं होते?" काकांनी पाणी दिलं.

मी तिला भेटायला जाते तेव्हा ओढ्याशी थांबून पाय धुते, बसच्या प्रवासातले कपडे बदलते. मागच्या सुट्टीत गेले होते. सकाळची वेळ. आत्या काळ्या कापडात, काठी मांडीवर घेऊन, दाराशी बसली होती. काका दगडावर. पलीकडून इंजिनचा आवाज येत होता, आणि ती बोलता बोलता थांबली.

"ऐकलंस?"

मला काही वेगळं ऐकू आलं नाही.

"पट्टा घसरतोय. नेत्साय भराभर ओततेय. काका, तिला जाऊन सांगा, इंजिनचे बोल्ट सैल कर, ते दोन बोटं मागं ओढ आणि पुन्हा आवळ. आत्ता नाही केलं तर पट्टा जळेल."

"जन्मभर मी पावसाचे निरोप पोचवले," काका उठत म्हणाले. "आता पट्ट्याचे."

ते गेले. ओढा ओलांडून, हळूहळू. बऱ्याच वेळानं परत आले. इंजिन अजून तसंच ओरडत होतं.

"काय म्हणालात तिला?" आत्यानं विचारलं.

"तेच. आजोबा म्हणतायत, पट्टा घसरतोय."

"आजोबा म्हणतायत?"

"अगं, तोंडात बसलंय. त्या रांगेतल्या बायकांनी लगेच टाळ्या वाजवल्या, गुडघे टेकले. नेत्सायनंही. सगळ्या तशाच बसल्यायत. आजोबांचं बोलणं म्हटल्यावर तेलाच्या इंजिनला हात लावायला कुणी तयार नाही."

आत्याचा हात काठीवर खाली सरकला आणि कड्याशी थांबला. अंगठ्यानं ती तिथले खळगे चाचपू लागली, आधी खोल, मग उथळ.

"परत जा, काका."

"आत्ता आलो ना."

"परत जा आणि म्हणा, मुचानेटा सांगतेय. गिरणीवाली मुचानेटा. तिला म्हणा, अक्कल वापर आणि बोल्ट सैल कर."

 काका पुन्हा निघाले. तिनं मला गप्प बसायची खूण केली. आम्ही दोघी ऐकत राहिलो. काकांना ओढा ओलांडायला लागतो तेवढा वेळ गेला, मग चढण चढायला लागतो तेवढा. इंजिन ओरडत होतं, आणि मग बंद पडलं.

शांतता झाली.  इतकी शांतता की ओढ्यापलीकडे कुणीतरी काहीतरी बोललं ते कळलं, पण काय बोललं ते कळलं नाही. मग लोखंडावर लोखंडाचे दोन ठोके. मग हँडल फिरवल्याचा धाप लागल्यासारखा आवाज, एकदा, दोनदा, आणि इंजिन लागलं. गोल, खालच्या पट्टीत, न अडखळता.

"पट्टा बसला," मी म्हणाले.

"हो," आत्या म्हणाली. पण तिचा चेहरा सुटला नाही. ती ओढ्याकडे, काका ज्या वाटेनं येणार होते तिकडे, बघत होती. पट्टा आवळला गेला हे तिला इथून ऐकू येत होतं. नाव कुठलं घेतलं गेलं, ते येत नव्हतं.